बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का?



उन्हाळ्यात डोंगरकडा येथील वस्तीत आम्ही बीपी आणि शुगर तपासणीचा कार्यक्रम ठेवला होता. आम्ही म्हणजे आरोग्याचे काम करणाऱ्या चौघीजणी. त्यातल्या काहींनी दवाखान्यात नर्स म्हणून बरीच वर्षे काढली आहेत. दुपारी कामावरून परतलेली एक भगिनी रांगेत आली. दिवसभर केळीच्या बागेत मजुरी, वय पंचेचाळीसच्या पुढे. हात पुढे करून म्हणाली, "नर्सबाई, हातात मुंग्या येयलेत. शुगर झाली आसंल मला."

शुगर पाहिली, ठीक निघाली. बीपीही ठीक. मानेची नस दबली असेल, अंगात रक्त कमी असेल, जीवनसत्त्व बी-१२ कमी असेल, असे सगळे अंदाज मनात आले. म्हणून विचारपूस सुरू केली. रात्री झोपेत येतात का? नाही. खुरपताना? नाही. भाकरी थापताना? नाही. मग येतात तरी कधी?

"कूलरात पाणी टाकताना."

आमच्यातली एक हसली आणि लगेच गप्प झाली. तपासणीचे सामान तसेच ठेवून आम्ही तिच्या घरी गेलो. घरकुलाची एक पक्की खोली, पुढे पत्र्याचे शेड, शेडच्या दाराशी लोखंडी कूलर. त्याच्या पत्र्याला टेस्टर लावला तर टेस्टरमधला लाल दिवा पेटला. कूलरच्या तारेला तीन पिनांचा प्लग होता आणि बोर्डाला तीन भोकेही होती. शेजारच्या वीजतंत्री शिकलेल्या मुलाने मेन बंद करून बोर्ड उघडला. खालच्या दोन भोकांमागे तारा होत्या. वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नव्हते. नुसता पितळेचा तुकडा आणि कोळ्याचे जाळे.

ती भगिनी जवळजवळ महिनाभर रोज ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभी राहून त्या कूलरमध्ये पाणी ओतत होती. पायात रबरी चप्पल होती म्हणून मुंग्यांवर निभावले. चप्पल भिजलेली किंवा झिजलेली असती, किंवा ती अनवाणी असती, तर ती आमच्या रांगेत आलीच नसती.

विजेचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारू नये म्हणून हे आधी सांगितले. साप चावलेला, विष घेतलेला, बाळंतपणात अडलेला माणूस दवाखान्यात पोचला तर त्याच्यासाठी करण्यासारखे पुष्कळ असते. करंट लागून हृदय बंद पडलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आपल्या देशात करंट लागून दरवर्षी बारा हजारांवर माणसे मरतात. हा रोग घरातच थांबवावा लागतो, आणि थांबवता येतो.

आता थोडे शरीराविषयी. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. शरीरातून एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, प्रवाह गेला तर मुंग्या जाणवतात. दहा-पंधरा मिलिअँपिअर गेला तर हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. आपण म्हणतो की करंटने माणसाला धरून ठेवले. धरून ठेवणारा करंट नसतो, आपलीच मूठ असते. ती उघडत नाही. त्याच्या पुढे छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून काही क्षण गेला तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागते. रक्त पुढे ढकलले जात नाही. काही मिनिटांत माणूस जातो.

पन्नास मिलिअँपिअर म्हणजे किती, हे कळायला घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब पाहा. तो साधारण चाळीस मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एक लहान बल्ब पेटवायला जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच माणूस मारायला पुरते.

कोरडी, राठ कातडी विजेला पुष्कळ अडवते. ओली कातडी अडवत नाही. पावसाळ्यात, न्हाणीत, भांडी घासताना, शेतातून घामेजून आल्यावर शरीराचा अडथळा हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले हजार केले तर २३० मिलिअँपिअर होतात. हिशेब सोपा आहे. आणि आपल्या घरात पाण्याचे काम कोण करते, हे वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, "आमच्या घरी फ्यूज आहे, एमसीबी आहे, करंट लागला की खटका पडेल." इथेच मोठा गैरसमज आहे. फ्यूज आणि एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतात, माणसाला वाचवण्यासाठी नसतात. सहा किंवा सोळा अँपिअरचा एमसीबी त्यापेक्षा जास्त भार झाला की किंवा शॉर्टसर्किट झाले की पडतो. माणसाच्या शरीरातून पाव अँपिअरही जात नाही. माणूस मेला तरी एमसीबीला खबर लागत नाही. त्यात आपल्याकडे कटआउटमधली फ्यूजची बारीक तार सारखी जळते म्हणून कुणीतरी केबलच्या तारेचे चार पदर पिळून घातलेले असतात. मग तो फ्यूज तारेलाही वाचवत नाही.

माणसाला वाचवणारी दोन साधने आहेत. पहिले अर्थिंग, म्हणजे त्या तिसऱ्या भोकामागची तार. ती हिरवी असते. कूलर, फ्रिज, मोटार, इस्त्री यांच्या लोखंडी अंगाला ती जोडलेली असते आणि दुसरे टोक जमिनीत गाडलेल्या पाइपला किंवा पट्टीला. आत कुठे फेजची तार सोलून पत्र्याला लागली तर वीज त्या तारेने जमिनीत जाते. प्लगची वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती उगीच नाही. प्लग घालताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. आपल्याकडे बोर्डाचे भोक बसत नाही म्हणून हीच पिन पक्कडीने तोडतात. तिला पाहुणी समजतात, घरधनीण तीच आहे.

दुसरे साधन आरसीसीबी. गावात कुणी त्याला ईएलसीबी म्हणते, कुणी नुसता "ट्रिपर". दिसायला मोठ्या एमसीबीसारखे, वर टेस्ट लिहिलेले लहान बटन. फेजने किती वीज आत गेली आणि न्यूट्रलने किती परत आली, याची ते सतत तुलना करत असते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज कुठेतरी वाट चुकून गळते आहे असे समजून पापणी लवायच्या आत पुरवठा तोडते. अर्थिंग कच्चे असले तरी माणसाच्या शरीरातून जमिनीत जाणारी वीज त्याला कळते. म्हणून घेताना त्यावर ३० एमए लिहिले आहे का ते पाहा. दुकानदार शंभर किंवा तीनशे एमएचे देऊ लागला तर घेऊ नका, ते माणसासाठी नाही. दर्जाप्रमाणे किंमत साधारण दीड ते अडीच हजार रुपये पडते. एमसीबी काढून त्याच्या जागी आरसीसीबी बसवू नये, दोन्ही लागतात. आणि एक मर्यादा ध्यानात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीलाही फरक कळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या भगिनीच्या घरी मीटर कसे आले, हे आम्ही विचारले. तिने पत्र्याच्या पेटीतून कागद काढून दाखवले. १४ एप्रिल २०२१ पासून महावितरणने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू केली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना प्राधान्याने वीजजोडणी देण्याची ती योजना. पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत भरण्याची सोय. आपल्या अनेक घरांत तिच्यामुळे उजेड आला आणि ते चांगले झाले. या अर्जाला एक कागद जोडणे आवश्यक होते: घरातल्या वीजमांडणीचा चाचणी अहवाल, शासनमान्य विद्युत ठेकेदाराच्या सहीचा. कुठल्याही नव्या जोडणीला असा अहवाल लागतो. म्हणजे घरातली वायरिंग परवानाधारक माणसाने येऊन तपासली आहे आणि ती सुरक्षित आहे, असे लेखी प्रमाणपत्र.

त्या भगिनीच्या कागदांत तो अहवाल होता. सही होती, शिक्का होता. आम्ही विचारले, "तपासायला कोण आले होते?"

"कोन येतंय? पोरानं दुकानातून आनला. पैशे घेतले आन कागद देला."

हा अनुभव तिचा एकटीचा नाही. नंतर आम्ही आणखी काही घरी विचारले. बहुतेकांना असा अहवाल असतो हेच माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते, त्यांच्या मते ते अर्जाचे एक कागदपत्र होते, रहिवासी दाखल्यासारखे. घरात कुणी यंत्र घेऊन येईल, तारा तपासेल, अशी अपेक्षाच कुणी केली नव्हती. आपल्या घरांचे अहवाल झाले आहेत, तपासणी झालेली नाही.

यात नुसता सही करणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. आपणही "लवकर मीटर येऊ द्या" एवढेच म्हटले. पण हा कागद आपल्याच जिवाची हमी होता. दवाखान्यात रक्त न काढताच रक्ताचा रिपोर्ट लिहून दिला तर आपण सोडू का?

पुढची गोष्ट म्हणजे जोडणी मिळाल्यावर घर वाढले, वायरिंग वाढली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्राची सौभाग्य योजना आली. तिच्यात गरीब घराला एक दिव्याचा पॉइंट आणि एक मोबाइल चार्जिंगचा पॉइंट, एवढी वायरिंग देण्याची तरतूद होती. त्या दोन पॉइंटांवर पाच-सहा वर्षांत काय काय लटकले ते आपण आपल्याच घरात मोजावे. पंखा, टीव्ही, मिक्सर, कूलर, आणि हिवाळ्यात पाणी तापवायचा रॉड. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. बल्बसाठी टाकलेली बारीक तार त्याने तापते, तिचे आवरण कडक होते, तडकते, आणि ती तार पत्र्याला बांधलेली असेल तर एक दिवस सगळे शेड करंट धरते. शेडच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते. खेड्यापाड्यांत बायका कपडे वाळत घालताना मरतात त्या अशा. पत्र्याखालच्या तारा प्लॅस्टिकच्या पाइपमधूनच न्याव्यात आणि कपड्यांना नायलॉनची दोरी बांधावी. या दोन गोष्टींना कुणाच्या परवान्याची गरज नाही, आजच करा.

रमाई आवासमधून किंवा दुसऱ्या योजनेतून घरकुल बांधतानाही हेच होते. पाया, भिंती, स्लॅब यांत हप्ते संपतात. वायरिंगची पाळी शेवटी येते तेव्हा हातात पैसे नसतात, मग ओळखीचा कुणीतरी दोन तारा ओढून देतो. अर्थिंगची तार तिसरी, म्हणून ती पहिल्यांदा वगळली जाते.

मग खरी तपासणी कशी असते? आम्ही ती डोंगरकड्यात करून घेतली. एका घरासाठी कुणी परवानाधारक माणूस यायला खळखळ करतो, म्हणून गल्लीतल्या घरांनी मिळून त्याला दिवसभरासाठी बोलावले आणि खर्च वाटून घेतला. येणाऱ्याकडे शासनाचा तारतंत्री परवाना असावा, आणि अहवाल हवा तर त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते. परवाना पाहायला मागा. मागण्यात अपमान काही नाही. आपल्या वस्तीतली पोरे आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री हे व्यवसाय शिकतात ही अभिमानाची बाब आहे, पण आयटीआयचे प्रमाणपत्र आणि हा परवाना वेगवेगळे आहेत. ज्या पोरांनी कोर्स केला आहे त्यांनी परवाना काढून घ्यावा. वस्तीचे काम वस्तीत राहील.

आधी तो नुसता पाहतो. तारांचे सांधे उघडे आहेत का, चिकटपट्टी सुटली आहे का, बोर्ड काळा पडला आहे का, खटक्याला जळका वास येतो का. हे पाहायला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

मग मेन बंद करून, सगळे बल्ब आणि प्लग काढून, तो मेगर लावतो. हे यंत्र तारांच्या आवरणाची तब्येत सांगते. ते पाचशे व्होल्ट सोडते, म्हणून बल्ब-टीव्ही आधी काढायचे असतात. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर कुठेतरी वीज गळते आहे. आम्ही पाहिलेल्या एका घरात आकडा फारच खाली आला. शोधता शोधता पत्र्याच्या खिळ्याखाली दबलेली तार सापडली. त्या घरात पाऊस पडला की भिंतीला झटका बसायचा आणि घरातले म्हणायचे, ओल आली आहे.

तिसरे यंत्र अर्थ टेस्टर. जमिनीत दोन लोखंडी खुंट्या ठोकून ते अर्थिंगच्या पाइपचा अडथळा मोजते. घरगुती अर्थिंगचा आकडा पाच ओहमच्या आत असावा असे धरतात. समजा तो वीस ओहम आहे. मग पत्र्याला फेज लागला तरी २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअरच वाहणार आणि सोळाचा एमसीबी पडणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणून "पाइप गाडला आहे" एवढ्यावर समाधान मानू नये, तो मोजावा. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून कोरडी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरण्यासाठी. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला बादलीभर पाणी त्यात ओतायला पोरांना सांगा.

चौथी तपासणी खटक्यांची. खटका फेजच्या तारेवर हवा. पुष्कळ घरांत तो चुकून न्यूट्रलवर असतो. खटका बंद केला की बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये करंट राहतोच. बल्ब बदलताना मरणारे "बटन बंद केलं होतं" या भरवशावर हात घालतात.

सगळ्यात वाईट निघाले ते एका घरातले. खांबावरचा न्यूट्रल ढिला झाला म्हणून लाईट मंद येत होती. तेव्हा कुणीतरी जमिनीत सळई ठोकून तिच्यावर घर चालवून दिले होते. "अर्थवर चालतंय" असे आपण सहज म्हणतो. अशा वेळी त्या सळईत आणि तिच्या भोवतीच्या ओल्या जमिनीत वीज खेळत असते. सळई अंगणात, अंगणात लेकरे आणि शेळ्या. अशा घरी आरसीसीबी बसवला तर तो लगेच पडतो, आणि पडतो म्हणून लोक तो काढून टाकतात. ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे हे. सारखा पडणारा आरसीसीबी खरे बोलत असतो. गळती शोधा.

आकडा टाकून वीज घेणाऱ्या घरांविषयीही बोलले पाहिजे. आम्ही पोलीस नाही. पण आकड्याच्या तारेला ना फ्यूज असतो, ना आरसीसीबी, ना अर्थिंग, आणि वाऱ्याने ती तार पत्र्यावर पडली तर पहिल्यांदा आपलेच लेकरू सापडते. थकबाकीमुळे मीटर काढून नेले असेल तर हप्ते पाडून मागा, चारजणांनी मिळून मागा. गरिबीमुळे जीव धोक्यात घालावा लागणे हा अन्याय आहे, पण तार ते पाहत नाही.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची आणि मीटरच्या पुढची आपली. त्यामुळे खांबापासून मीटरपर्यंतची लोंबणारी तार, वाकलेला खांब, उघडी डीपी, ढिला न्यूट्रल यांना आपण हात लावायचा नाही आणि गावातल्या धाडसी माणसालाही लावू द्यायचा नाही. १९१२ या क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि तोच मजकूर अर्जावर लिहून पोच घ्या. आपली वस्ती बहुतेक गावांत लाइनच्या शेवटाला असते. लाईनमनही शेवटी येतो. पोच असली की थोडा लवकर येतो, हा आमचा अनुभव.

तपासणीचा अहवाल घेताना त्यावर पाच गोष्टी पाहा: मेगरचा आकडा, अर्थिंगचा आकडा, तारीख, परवाना क्रमांक आणि सही. सही आहे पण आकडे नाहीत, असा अहवाल परत करा. तो फोटोफ्रेमच्या मागे किंवा घरकुलाच्या कागदांत जपून ठेवा. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करावी. विजेच्या सुरक्षेच्या सरकारी नियमांतही पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर नसावे असेच धरले आहे. शेड वाढवले, मोटार बसवली, घराला पूर आला, तर मुदतीची वाट पाहू नये.

तपासणी न होण्याची किंमत किती असते, हे आम्हा नर्सना ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीने शिकवले. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. दहा बाळे गेली, सात वाचली. विजेच्या उपकरणात ठिणगी पडून आग लागल्याचे चौकशीत सांगण्यात आले. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या विजेच्या आणि अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. ज्या वॉर्डात आम्ही बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त काढतानाही नियम पाळतो, तिथल्या भिंतीतल्या तारांकडे आमच्यापैकी कुणी कधी वर मान करून पाहिले नव्हते. हे आमच्याही पदरात घ्यावे लागेल.

विहार आणि समाजमंदिर विसरू नका. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला तिथे रोषणाईच्या माळा लागतात, मंडप पडतो, लोखंडी कमान उभी राहते, आणि सगळ्याची वीज एका जुन्या बोर्डावरून घेतली जाते. २०२३ साली जयंतीच्या आदल्या रात्री विरारमध्ये मिरवणुकीच्या गाडीवरचा लोखंडी रॉड रस्त्याकडेच्या विजेच्या यंत्रणेला लागला आणि आपले दोन तरुण गेले. जयंतीच्या वर्गणीतला पहिला खर्च तपासणीचा आणि मंडपाच्या लाइनवर आरसीसीबी बसवण्याचा असावा, डीजे त्याच्या नंतर. तरुण मंडळी आमच्यावर रागावतील, रागावू द्या. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्तीविकासाच्या योजनेतून समाजमंदिराची कामे होतात. येत्या ग्रामसभेत समाजमंदिराची वायरिंग आणि अंगणवाडीची तपासणी हे दोन विषय लेखी मांडा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचे धोरण त्याच खात्याकडे होते, आणि देशातल्या वीजनिर्मितीचा विचार करण्यासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. वीज स्वस्त आणि सगळ्यांना मुबलक मिळावी हा त्यांचा आग्रह होता. आपल्या घरातली वीज आपल्यावर कुणी केलेली मेहेरबानी नाही. ती सुरक्षित मिळावी हे मागण्यातही संकोच नको.

इतके करूनही कुणाला करंट लागलाच, तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने तार बाजूला ढकला, स्वतः कोरड्या जागेवर उभे राहून. खांबावरची तुटलेली तार असेल तर जवळही जाऊ नका, १९१२ ला आणि पोलिसांना कळवा. तार सुटली की माणसाला हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. गाडी येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याने घ्यावे. माणसाला मातीत पुरणे, रेतीने घासणे, तोंडात पाणी ओतणे हे प्रकार आम्ही अजूनही पाहतो. त्यात जातात ती मिनिटे त्याची शेवटची असतात.

उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या. बाहेरून बोटावर एवढासा डाग दिसतो, पण आतले स्नायू भाजलेले असू शकतात आणि हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढावाच लागतो. लघवी काळपट होऊ लागली तर लगेच सांगा. गरोदर बाईला साधा झटका बसला तरी तपासणी करून घ्या.

आणि जीव गेलाच तर, बोलायला जड आहे, पण पंचनामा आणि शवविच्छेदन नाकारू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होते. तार, बोर्ड, कूलर जागचे हलवू नका. आपल्याकडे "झालं ते झालं" म्हणून घाईने माती देतात आणि मग भरपाईची वेळ येते तेव्हा हातात काहीच नसते.

त्या भगिनीच्या घरी आता हिरवी तार आली आहे. आरसीसीबीसाठी तिने बचत गटातून उचल घेतली. ते नीट चालते की नाही हे पाहायला महिन्यातून एकदा टेस्टचे बटन दाबायचे असते. दाबले की वीज गेली पाहिजे. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून गल्लीने दर पौर्णिमेला विहारातून आल्यावर बटन दाबायचे ठरवले. परवा आम्ही गेलो तेव्हा तिने आमच्यासमोर दाबून दाखवले. वीज गेली, टीव्ही बंद झाला, आतून नातू ओरडला. ती म्हणाली, "वरडू दे त्याला." आणि खटका वर केला.